घरबसल्या जुन्या वस्तूंची विक्री : एका निवृत्त डॉक्टरचा अनुभव

(ज्येष्ठ मंडळींच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. अनेकांच्या विनंतीवरून इथे देत आहोत.)



गेल्या वेळी मी इथे गुडघेदुखीवर बोललो आणि नंतर चहाच्या वेळी अर्ध्या सभागृहानं मला आपापले गुडघे दाखवले. आजचा विषय वेगळा आहे, त्यामुळे चहा गरम असताना प्यायला मिळेल अशी आशा आहे. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही ते ऑनलाइन जुनं-पानं विकता ना, त्याबद्दल सांगा. फार जण विचारतात." विचारतात हे खरं आहे. गॅसचं बिल बघितलं की विचारतात. मोबाईलवर कोणी तरुण मुलगा महागड्या गाडीला टेकून "घरबसल्या महिन्याला दोन हजार पौंड" असं सांगताना दिसला की आणखी विचारतात.

सुरुवात एका काकूंपासून करतो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या आज इथेच बसल्या आहेत, पण कुठे ते शोधू नका.

दीड वर्षापूर्वी आरती झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. ऑनलाइन विक्री शिकवणारा कोर्स, फी ४९५ पौंड. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या कंपनीची पेन्शन निम्मी झाली होती, आणि काकूंची स्वतःची स्टेट पेन्शन तुटपुंजी, कारण नोकरीची वर्षंच कमी भरली होती. हिवाळ्यात त्या एकाच खोलीत हीटर लावून बसत. मी म्हटलं, "आपल्या ट्रस्टचा मदतनिधी आहे, मी विश्वस्तांशी बोलतो." त्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या. "डॉक्टर, मी आयुष्यभर त्या पेटीत टाकत आले. आता त्यातून काढायला सांगू नका. काम सांगा."

कोर्सची फी भरू नका, एवढं मी तिथल्या तिथे सांगितलं. त्या कोर्समध्ये जे शिकवतात ते मी त्याआधीच्या वर्षी स्वतःच्या खिशाला भोक पाडून शिकलो होतो, आणि ते तुम्हाला आज फुकट सांगणार आहे.

मी २०२१ साली सर्जरीतून निवृत्त झालो. पहिलं वर्ष बागेत गेलं. दुसऱ्या वर्षी माळा आवरायला काढला. वैद्यकीय पुस्तकांची पाच खोकी निघाली. मला वाटलं, केवढा हा ठेवा! एकही पुस्तक विकलं गेलं नाही. जुन्या आवृत्तीचं वैद्यकीय पुस्तक कोणाला नको असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यातले औषधांचे डोस पाहून मीच दचकलो. पण त्याच माळ्यावर डेन्बीच्या जेवणाच्या सेटमधल्या चार ताटल्या होत्या. बाकीचा सेट कधीच फुटून गेलेला. त्या ईबेवर टाकल्या आणि दोन दिवसांत गेल्या. का? तर ते डिझाइन कंपनीनं बंद केलंय, आणि देशात कुठेतरी कोणाकडे तोच सेट चार ताटल्यांनी अपुरा आहे. या धंद्यातलं मर्म मला त्या दिवशी कळलं. वस्तू सुंदर आहे की नाही, आपल्याला प्रिय आहे की नाही, याला किंमत नाही. ती कोण शोधतंय, याला किंमत आहे. म्हणून भांड्याचा शिक्का, रिमोट कंट्रोलचा मॉडेल नंबर, मिक्सरच्या झाकणाचा पार्ट नंबर, हे सगळं वर्णनात लिहायचं. लोक तेच टाइप करून शोधतात.

घरचं संपल्यावर मला चटक लागली. शनिवारी सकाळी कार बूट सेल, आठवड्यातून दोनदा चॅरिटी शॉप. हॉल भरला, मग पाहुण्यांची खोली भरली. आमच्या सौ. म्हणाल्या, "दवाखाना बंद केलात आणि गोदाम उघडलंत." हे थट्टेवारी नेऊ नका. पार्सलांच्या ढिगाला अडखळून, जिन्यातल्या खोक्यावरून घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलेले पेशंट मी पाहिले आहेत. आता आमच्या घरात नियम आहे: एक कपाट. ते भरलं की खरेदी बंद.

पहिल्या वर्षाचा हिशेब प्रामाणिकपणे सांगतो, कारण मोबाईलवरचा तो मुलगा सांगत नाही. एकूण विक्री ७४२ पौंड. वस्तूंची खरेदी, साइटची फी, टपालखर्च, खोकी, टेप, पेट्रोल आणि परत केलेले पैसे मिळून खर्च ४३१. हाती राहिले ३११. ऐकायला बरं वाटतं. पण मी वहीत तासही लिहून ठेवले होते, ते भरले १९०. म्हणजे तासाला एक पौंड चौसष्ट पेन्स. मुलानं ते पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही मला पेपर टाकायला पाठवायचात तेव्हा मला जास्त मिळायचे." दुसऱ्या वर्षी आकडा सुधारला, कारण मी घेणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. वस्तू उचलण्याआधी दुकानातच फोनवर ईबे उघडायचं आणि "विकल्या गेलेल्या वस्तू" हा पर्याय निवडायचा. लोक किती मागतात ते पाहायचं नाही. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. प्रत्यक्षात किती मिळाले ते पाहायचं. ही एक सवय मला आधी लागली असती तर पन्नासएक पौंड वाचले असते.

टपालाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण नवखा माणूस बुडतो तो इथेच. रॉयल मेलच्या हिशेबात लार्ज लेटर म्हणजे जाडी अडीच सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ७५० ग्रॅमपर्यंत. त्याच्यावर गेलं की पार्सल, आणि दर एकदम चढतो. एका स्वेटरच्या विणकामाच्या पुस्तकाला फुगीर पाकिटात घातलं, ते झालं पावणेतीन सेंटिमीटर, आणि नफा पोस्टाच्या काउंटरवरच संपला. आता मी जाड पुठ्ठ्याला अडीच सेंटिमीटरची खाच पाडून ठेवली आहे. पाकीट तीतून सरकलं तरच लार्ज लेटर. आधी पॅक करा, वजन करा, मोजा, आणि मग जाहिरात टाका. आणि काउंटरवर पार्सल दिल्याची पावती मागून घ्या. ती फुकट मिळते. ती नसेल तर पार्सल हरवल्यावर तुमच्या शब्दाशिवाय हातात काही राहत नाही. सर्जरीत आम्हाला शिकवलं होतं, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तेच इथे.

आता कराबद्दल. घरातल्या आपल्याच वापरलेल्या वस्तू, जुना कोट, नातवंडांची खेळणी, विकली तर तो व्यापार नाही. त्यावर सहसा कर लागत नाही. पण विकायच्या हेतूनं विकत घेतलंत की पहिल्या वस्तूपासून तुम्ही व्यापारी. त्यात ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात हजार पौंडांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे. नीट ऐका, ही सूट विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. हजाराच्या वर विक्री गेली, तर ते करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी नोंदणी करायची. मग एक तर हजारांची सूट घ्यायची, नाहीतर खरा खर्च वजा करायचा, दोन्ही नाही. दुसऱ्या वर्षी माझी विक्री ११८० झाली, मी नोंदणी केली, आकाश कोसळलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज, की सरकारनं ईबेवर नवा कर लावला, तो चुकीचा आहे. झालंय ते असं, की २०२४ पासून या साइट्सना मोठ्या विक्रेत्यांची माहिती एचएमआरसीला कळवावी लागते. वर्षात तीस किंवा अधिक वस्तू विकणारे, किंवा साधारण १७०० पौंडांच्या वर विक्री असणारे. कर तोच आहे, फक्त आता त्यांना दिसतं.

ईबेवर खासगी विक्रेत्याला हल्ली फी पडत नाही, पण विकत घेऊन विकणाऱ्यानं बिझनेस खातंच उघडायचं असतं, आणि त्याला फी आहे. शिवाय व्यापारी म्हणून ऑनलाइन विकलं की वस्तू पोहोचल्यापासून चौदा दिवसांत गिऱ्हाईक कारण न देता व्यवहार रद्द करू शकतं. तो कायदा आहे. कुरकुर करण्यात अर्थ नाही, आपणही गिऱ्हाईक म्हणून तो वापरतोच की.

आता जे सांगायला मला संकोच वाटतो ते सांगतो.

पहिल्याच वर्षी कार बूट सेलमध्ये रक्तदाब मोजायचं मशीन दोन पौंडांना मिळालं. नावाजलेली कंपनी, खोकं शाबूत. मी ते पुसलं, बॅटरी घातली, आकडे उमटले, फोटो काढला आणि बारा पौंडांना विकलं. तीन आठवड्यांनी वेल्समधल्या एका बाईंचा निरोप आला. त्यांनी ते आईसाठी घेतलं होतं. रात्री आईचा रक्तदाब १७८ दाखवला, पुन्हा घेतला तर १८२. घाबरून त्यांनी १११ ला फोन लावला, आई रात्रभर जागी. सकाळी सर्जरीत मोजला तर १४६. बाईंनी रागावून काही लिहिलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की मशीनमध्ये काही दोष आहे का. सोबत फोटो होता. मी फोटो पाहिला आणि मला बसावं लागलं. कफ लहान आकाराचा होता. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वर जातो, हे मी चौतीस वर्षं नर्सेसना शिकवलं. माझं स्वतःचं मशीन शेजारच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं. दोन्ही माझ्याच दंडाला बांधून ताडून बघायला पाच मिनिटं लागली असती, आणि कफवर छापलेला आकार वाचायला पाच सेकंद.

पैसे परत केले, परतीचं टपाल भरलं, माफी मागितली. दहा पौंडांचा नफा बघून डॉक्टर बाजूला झाला आणि दुकानदार पुढे आला, असं ते झालं होतं. त्या आजींनी सकाळी सर्जरीत जाण्याऐवजी घरातल्या गोळीची दुसरी मात्रा घेतली असती तर? हा प्रश्न मला अजून अधूनमधून रात्री पडतो.

त्या दिवसापासून वैद्यकीय वस्तू बंद. तुम्हालाही तेच सांगतो. साखर तपासण्याच्या पट्ट्या, इन्हेलर, गुडघ्यांच्या गोळ्या, घरात उरल्या म्हणून कोणी विकायला काढू नका. चिठ्ठीवर मिळणारं औषध विकणं हा गुन्हा आहे. उरलेली औषधं केमिस्टकडे परत द्या, ते नष्ट करतात. भारतातून आणलेली चूर्णं आणि भस्मंही नकोत. इथे वनौषधी विकायला रीतसर नोंदणी लागते. भस्मांत शिसं आणि पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि शिशाची विषबाधा झालेला पेशंट मी स्वतः पाहिला आहे. पोटदुखी म्हणून आला होता.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या घरांसाठी. आजोबांनी आणलेली हस्तिदंताची पेटी, मूर्ती, बांगड्या असतील, तर त्या विकायच्या भानगडीत पडू नका. २०२२ पासून इथे हस्तिदंताच्या व्यवहाराला जवळजवळ पूर्ण बंदी आहे, अपवाद अगदी थोडे. दुसरं, कार बूट सेलमधली ब्रँडेड पर्स दहा पौंडांत मिळत असेल तर ती नकली आहे असंच धरा. नकली माल माहीत नव्हतं म्हणून विकला, हे बोलणं कोणी ऐकून घेत नाही. कोणीतरी लोणच्याचंही विचारलं होतं. ते निराळं प्रकरण आहे, त्याला कौन्सिलकडे खाद्यव्यवसाय म्हणून आधी नोंदणी करावी लागते. त्यावर वेगळी बैठक ठेवू.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. "मी येऊ शकत नाही, कुरिअरचा माणूस रोख पैसे घेऊन येईल, फक्त आधी विम्याचे चाळीस पौंड भरा", असा निरोप आला की बोलणं थांबवा. पैसे मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. फोनवर आलेला कोड कोणालाही वाचून दाखवू नका, तो गोड बोलत असला तरी, मराठीत बोलत असला तरी. आणि व्यवहार साइटच्या बाहेर व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊ नका. आपल्यातल्या एका काकांचे सहाशे पौंड गेले. त्यांनी दोन महिने घरात सांगितलं नाही, झोप गेली, वजन उतरलं, आणि आम्ही मधुमेहाच्या तपासण्या करत बसलो. फसलात तर त्याच दिवशी बँकेला फोन करा आणि मुलांना सांगा.

आता पुन्हा काकूंकडे येतो. त्या दिवशी मी त्यांना विक्री शिकवली नाही. त्यांच्या घरी गेलो, कागद पाहिले, आणि पेन्शन क्रेडिटचा अर्ज केलाय का असं विचारलं. त्यांना वाटत होतं, ती भीक आहे. मी म्हटलं, ती भीक नाही, तो या देशाचा नियम आहे. फोनवर अर्ज करता येतो. मी शेजारी बसलो, बोलल्या त्याच. मंजूर झाला, आणि मागच्या तीन महिन्यांचेही मिळाले. त्याच्या आधारानं कौन्सिल टॅक्समध्ये सवलत मिळाली. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना त्यावर टीव्हीचं लायसन्सही फुकट मिळतं. म्हणून माझा सल्ला असा, की पैशांच्या ओढीनं विक्री सुरू करणाऱ्यानं आधी हे तपासावं. पेन्शन क्रेडिट घेणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कमाई कळवावीच लागते, आणि एकट्या माणसाला आठवड्याच्या पाचएक पौंडांपलीकडची कमाई बहुतेक वेळा तेवढीच क्रेडिटमधून कापली जाते. म्हणजे हमाली तुमची आणि हिशेब जिथल्या तिथे. अटेंडन्स अलाउन्सचं तसं नाही, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्वतःची आंघोळ, कपडे, उठबस यांना मदत लागत असेल तर त्याची चौकशी जरूर करा. अर्ज मोठा आहे, पण तो भरायला मी आहे.

पैशांची निकड संपली, पण काकू म्हणाल्या, "काम सांगा म्हटलं होतं, त्याचं काय झालं?"

त्या वेळी माझ्याकडे चॅरिटी शॉपमधून आणलेली सहा जिगसॉ पझल्स पडून होती. हजार तुकड्यांचं पझल, एक तुकडा कमी निघाला की गिऱ्हाईक चिडतं, म्हणून मी ती विकायला धजत नव्हतो. काकूंनी ती नेली. नऊ दिवसांत पहिलं पझल लावून, पूर्ण झाल्याचा फोटो काढून, तुकडे पिशवीत बांधून परत आणलं. दुसऱ्यातला एक तुकडा नव्हता. आकाशातला, डाव्या कोपऱ्याजवळचा, हेही त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. "सर्व तुकडे लावून तपासले आहेत" असं लिहिलं की पझल लगेच जातं. मी त्या आजींचं मशीन तपासलं नाही, आणि या बाई आकाशाचा एक तुकडा शोधत दोन संध्याकाळी बसल्या होत्या.

आता हे काम ट्रस्टच्या नावानं चालतं. चौघीजणी आहेत, बुधवारी मागच्या खोलीत दोन टेबलं लावतात. वस्तू भक्तांनी दान दिलेल्या असतात, आणि दानात आलेल्या वस्तू धर्मादाय संस्थेनं विकल्या तर कराच्या दृष्टीनं तो व्यापार धरत नाहीत. खातं वेगळं, वही वेगळी, माझ्या कपाटाशी त्याचा काही संबंध नाही. खजिनदार दर महिन्याला तपासतात. गेल्या सात महिन्यांत ३८६ पौंड मदतनिधीत जमा झाले. त्यातून दोघांच्या हॉस्पिटलच्या टॅक्सीचं भाडं गेलं आणि एका घरातला बॉयलर दुरुस्त झाला. कोणाच्या, ते विचारू नका.

आता मागणं. आम्हाला पझल्स हवीत, अपुरी वाटली तरी चालतील. लोकर आणि विणकामाची पुस्तकं, डेन्बी किंवा पायरेक्सची सुटी भांडी, जुन्या हिंदी चित्रपटांच्या आणि शास्त्रीय गायनाच्या तबकड्या, चालू असलेले रिमोट. कपडे नकोत, विजेची उपकरणं नकोत, औषधं तर नकोतच. आईची पैठणी आणू नका. तीन जणींनी आणल्या होत्या, मी तिघींना परत पाठवलं आणि वर्षभरानं पुन्हा विचार करा म्हटलं. वस्तू शनिवारी आरतीनंतर अकरा ते बारा या वेळेत मागच्या दारानं द्या. जड खोकं स्वतः उचलू नका, निरोप द्या, आम्ही गाडी घेऊन येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी टेप कापायला सुरी वापरू नका. बोथट टोकाची कात्री आम्ही देऊ.

माणसंही हवीत. फोटो काढायला एक जण, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, टवका उडालेली बाजू समोर ठेवून. पोस्टात जायला एक जण, सोमवार आणि गुरुवार. आणि इंग्रजी चांगलं लिहिणारं कोणी असेल तर गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं द्यायला, कारण माझं अक्षर जसं केमिस्टला कळायचं नाही तसं माझं टायपिंगही लोकांना कळत नाही.

नावं द्यायची वही दाराशी ठेवली आहे. पेन्शन क्रेडिटबद्दल ज्यांना खासगीत विचारायचं असेल त्यांनी माझ्याशी बोलावं. मी चहा संपेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. गुडघेही चालतील.